सर्जेरावाचा दहावा

एका कावळ्याला दिलेला शब्द मी तीसेक वर्षं पाळला नव्हता. माणसाला दिलेला शब्द मोडला तर त्याला गाठून माफी तरी मागता येते. कावळ्याच्या बाबतीत तीही सोय नाही, कारण तो नेमका कोणता होता हे आता ओळखू येणार नाही आणि नगरच्या सावेडीतल्या यच्चयावत कावळ्यांची माफी मागत हिंडण्याएवढी मी रिकामी नाही. तरी एप्रिल आला, परीक्षा संपल्या, माझ्या टेबलावर नववीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडले, की स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कावळा बसतो आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघतो. मी मुकाट्याने त्याला पोळीचा तुकडा टाकते. नवऱ्याला वाटतं, बायको दयाळू आहे.

यंदा त्या कावळ्याच्या जोडीला कुरियरवालाही आला. माझी मुलगी ईरा हिच्या नावाची एवढीशी डबी होती. आत कापसात ठेवलेला निळा, चकचकीत फासा. त्याला वीस बाजू आणि प्रत्येक बाजूवर सोनेरी आकडा.

"हा एक खूप मोठा खेळ असतो, आई," ईरा मला समजावू लागली. "एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. राक्षस येतात, ड्रॅगन येतो, आणि कोण जिंकणार ते हा फासा ठरवतो. तुला नाही कळायचं."

मी फासा हातात घेतला. सगळ्या बाजू अगदी सारख्या, कुठे खाच नाही, कुठे उंचवटा नाही. डोळे मिटून चाचपला तरी वीस कुठे आणि एक कुठे याचा पत्ता लागेना. किती प्रामाणिक वस्तू, असं मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली.

कारण आम्ही हा खेळ चिंचोक्यांवर खेळलो आहोत.

माझे वडील नगरला इंग्रजीचे मास्तर होते. मी सहावीत असताना त्यांना रद्दीच्या दुकानात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. मुखपृष्ठावर आग ओकणारा ड्रॅगन आणि पहिली तीसेक पानं गायब. वडिलांनी त्यावर खाकी कव्हर घातलं, लेबल चिकटवलं, विषयाच्या जागी 'इंग्रजी' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि सुट्टीत रोज दोन पानं वाचायची अशी ताकीद देऊन मला एसटीत बसवलं. मी निघाले होते मामाकडे, राहात्याजवळच्या मळ्यात. ते धड्यांचं पुस्तक नसून खेळाच्या नियमांचं पुस्तक आहे, हे मला राहुरीच्या आसपास कळलं. बाभळेश्वर येईपर्यंत मी त्या खेळाची सर्वेसर्वा झाले होते. इंग्रजी वाचता येणारी मामाच्या मळ्यात मी एकटीच असणार होते.

मामाची पेरूची बाग होती. उन्हाळ्यात तिला ताण दिलेला असायचा. म्हणजे पाणी तोडायचं आणि झाडं तहानेली ठेवायची. पानं पिवळी पडून गळायची, बागेत पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. "झाडाला तहान लागली की मगच ते फुलाचा इचार करतं," मामा म्हणायचे. मला ते पटायचं नाही. मी एकदा लपून एका झाडाला तांब्याभर पाणी घातलं होतं. तांब्याभर पाण्याने त्या झाडाचं काय भलं झालं असेल कोण जाणे, पण मला झोप चांगली लागली.

आमचा खेळ विहिरीजवळच्या चिंचेखाली चालायचा. खेळणारे दोघंच. मामेभाऊ दत्ता माझ्याहून एका वर्षाने मोठा, सातवीतला. त्याची बहीण शालन तिसरीत. पुस्तकात वीस बाजूंच्या फाशाचं चित्र होतं, पण तसा फासा राहात्याच्या बाजारात कुठून मिळायला. दत्ताने वीस चिंचोके निवडले, चुलीत खिळा तापवून त्यांच्यावर आकडे डागले आणि ते तांब्यात टाकले. न बघता हात घालायचा, जो आकडा निघेल तो आपला. त्या जळक्या चिंचोक्यांचा खमंग वास अजून माझ्या नाकात आहे. शालनने तर नऊ नंबरचा खाऊन टाकला होता, तो पुन्हा करावा लागला.

दत्ताच्या वीराचं नाव सर्जेराव. हत्यार कुऱ्हाड. शालन जादूगारीण झाली. तिला पुस्तकातून मी सात मंत्र दिले होते. आग लावायचा, अदृश्य व्हायचा, वीज पाडायचा. तिने एकच मागितला, मनात येईल तेव्हा भाकरी आणि ठेचा हजर करायचा, आणि सुट्टीभर तोच वापरला.

अडचण होती ती गायब पानांची. त्या पानांवर काय होतं हे आम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळे नियम सापडला नाही की आम्ही घरची रीत लावायचो. खेळाचं वाटोळं इथेच झालं. वाटेत राक्षस आडवा आला की पुस्तकातले वीर तलवार उपसतात. सर्जेराव कुऱ्हाड खाली ठेवायचा आणि विचारायचा, "राम राम. पाव्हणं कुठलं?"

आता राक्षसाच्या वतीने बोलायची मी. विचारल्यावर गाव सांगावंच लागे. "काळ्या डोंगरापलीकडचा," मी आवाज जाड करून म्हणायचे.

"डोंगरापलीकडं कंच्या आंगाला? पाटाच्या की वढ्याच्या?"

"ओढ्याच्या."

"मंग तर आमच्या मावशीच्या ननदेला तिकडंच दिल्यालं हाय," दत्ता म्हणायचा. "म्हंजे तुमी आमचं मेव्हनं लागता की वो."

आणि शालन लगेच भाकरीचा मंत्र म्हणायची. मेव्हणा निघालेल्या राक्षसाशी लढायचं कसं? तो जेवायचा, सुपारी कातरायचा, गुहेचा रस्ता सांगायचा आणि पुढच्या राक्षसाला निरोपसुद्धा द्यायचा की आपलीच माणसं आहेत, सांभाळून घ्या. महिनाभरात सर्जेरावाने एकही घाव न घालता निम्मं राज्य पार केलं. चेटकीण आत्या निघाली. पुलाखालचा दैत्य मामाच्या साडूच्या गावचा निघाला. एका भुताची सोयरीक जुळवण्यात आमची आख्खी दुपार गेली.

दत्ता आणि शालन खूश होते. मी धुमसत होते. त्या मळ्यात सगळं दत्ताचं होतं. विहीर त्याची, पोहणं त्याचं, झाडावर चढणं त्याचं. मी नगरची पाव्हणी. माझं ताट वेगळं वाढायचं, मला पाट बसायला द्यायचा आणि कामाला हात लावू द्यायचा नाही. माझं म्हणता येईल असं ते एक पुस्तक होतं, आणि त्यातही दत्ता येऊन सगळ्यांचा पाव्हणा होत होता. मला एक लढाई हवी होती. एकच, पण खरी.

म्हणून मी ड्रॅगन राखून ठेवला होता. सुट्टीचे बारा दिवस उरले तेव्हा तो बाहेर काढला. सर्जेराव गुहेच्या तोंडाशी आला. ड्रॅगनने पंख पसरले, आग ओकली. दत्ताने शांतपणे कुऱ्हाड खाली ठेवली.

"राम राम," तो म्हणाला. "पाव्हणं कुठलं?"

"ड्रॅगनला असं विचारता येत नाही."

"का?"

"पुस्तकात नाही."

"पुस्तकात तर मेव्हनाबी न्हवता."

"ड्रॅगन बोलत नाही," मी म्हणाले. "तो वार करतो." आणि मी तांब्यात हात घातला.

वीस नंबरचा चिंचोका सगळ्यांत मोठा होता. एका कडेला त्याचा टवका उडालेला होता. माझ्या बोटांना तो केव्हाच पाठ झाला होता, पण तोवर मी त्यांना ओळखून उचलू दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. वीस निघाला की समोरचा जागच्या जागी खलास, हा नियम नेमका शाबूत पानांवर होता.

सर्जेराव मेला. शालनने भोकाड पसरलं. दत्ताने त्या चिंचोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता दुसरा वीर घे," मी घाईघाईने म्हणाले. "लगेच पुढे खेळू."

"मयत झाल्यालं हाय," दत्ता म्हणाला. "सुतक लागलं. धा दिस खेळायचं न्हाई."

मला वाटलं, गंमत करतो आहे. पण तो खरोखरच उठून गेला. मेल्यावर काय करायचं ते पान आमच्याकडे नव्हतं, आणि पान नसलं की घरची रीत, हे आम्ही महिनाभर पाळलं होतं.

ते दहा दिवस किती लांब होते. कुरडयांचे दिवस होते. पहाटे मामी गव्हाचा चीक शिजवायची, अंगणात बाजेवर धोतर पसरून त्यावर कुरडया घालायची आणि आम्हाला राखणीला बसवायची. राखण कावळ्यांपासून. आम्ही ढेकळं मारून मारून आसपासचे सगळे कावळे जेरीस आणले होते. चीक खायचा, ढेकूळ मारायचं, पुन्हा चीक. दत्ता माझ्याशी बोलायचा, हसायचा, मला जास्तीचा चीक द्यायचा, पण खेळाचं नाव काढायचा नाही. मी पुस्तक घेऊन चिंचेखाली एकटी बसायचे. राक्षसच उरले होते, त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. मला रोज दहा वेळा वाटायचं की सांगून टाकावं, चिंचोका मी ओळखून काढला. पण सांगितलं असतं तर दत्ता पुन्हा कधी माझ्या हाताखाली खेळला नसता, अशी माझी खात्री होती. नाही सांगितलं तर निदान दोन दिवस तरी खेळ मिळेल, असा माझा हिशोब होता.

दहाव्या दिवशी पाटाच्या कडेला आम्ही सर्जेरावाचा दहावा घातला. मामीने सकाळी केलेल्या भाताचे पिंड मी वळले. दत्ता पिंडांच्या मागे दगडावर मांडी घालून बसला.

"तू इथे कशाला?" मी विचारलं. "तू मेलायस."

"माझाच दहावा हाय. मी नगं व्हय?"

"मयताने बोलायचं नसतं."

"मंग माझी काय विच्छा ऱ्हायली ते तुमाला कोन सांगनार?"

कावळे होते. समोरच्या बाभळीवर चांगले सात-आठ बसले होते. पण इतके दिवस ज्यांनी ढेकळं मारली, तेच आज हात जोडून बोलावताहेत म्हटल्यावर कुठला शहाणा कावळा येईल? ते माना वाकड्या करून बघत बसले. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, आणि ती पुरी करायचा शब्द दिला की शिवतो, हे शालनलाही माहीत होतं. ती पुढे झाली. "सर्जेराव, तुज्या घोड्याला मी पेंड घालीन." कावळे ढिम्म. "तुज्या आईला सांभाळीन." ढिम्म. "तुज्या कुऱ्हाडीला गंज न्हाई चढू द्यायची." एक कावळा उडाला तो दूर निघून गेला.

ऊन टाळूत शिरायला लागलं. "दर्भाचा कावळा करून शिवू या का?" मी म्हटलं. मोठी माणसं शेवटी तसं करतात.

"न्हाई," मयत म्हणाला. "खराच पायजे."

तेव्हा मला उमगलं की सर्जेरावाची इच्छा काय आहे ते फक्त मलाच ठाऊक आहे. मी डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही मला हिंमत नव्हती. मनातल्या मनात मी म्हणाले, मी दत्ताला खरं सांगीन. चिंचोका मी ओळखून काढला, हे त्याला सांगीन.

पंख फडफडले. डोळे उघडले तर पिंड उलटा झाला होता आणि एक कावळा चोचीत काहीतरी घेऊन पाटापलीकडे चालला होता. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. मी तोपर्यंत फक्त पुस्तकातल्या जादूला मानत होते.

त्याच वेळी पाटावर धुणं धुवायला आलेल्या शेजारच्या हौसाक्काने आम्हाला पाहिलं. "कोन गेलं गं?" तिने शालनला विचारलं. शालन डोळे पुसत म्हणाली, "सर्जेराव. आमच्या दत्तूदादाचं लई जवळचं." हौसाक्का धुणं तसंच टाकून मामीकडे गेली आणि दारातच तोंडाला पदर लावून रडू लागली. मामीला कुठला सर्जेराव ते कळेना. पण सासरच्या गोतावळ्यातलं माणूस आपल्याला आठवत नाही, हे शेजारणीसमोर कबूल करायचं कसं? मामीही रडली. संध्याकाळी मामा आले. मामीने सांगितलं, सर्जेराव गेले. मामांना वाटलं, हे बायकोच्या माहेरचं कुणीतरी. त्यांनी "वाईट झालं" म्हणून डोक्यावरून अंघोळ केली आणि दोन दिवस दाढीला हात लावला नाही. आम्ही तिघं माजघरात उशीत तोंडं खुपसून हसत होतो. तेवढं हसतानाही तो टवका उडालेला चिंचोका माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

उरलेले दोन दिवस खेळ झालाच नाही. "तेरावा झाल्याबिगर न्हाई," दत्ता म्हणाला. बाराव्या दिवशी वडील मला न्यायला आले. पुढच्या उन्हाळ्यात दत्ता मामांबरोबर बागेत राबायला लागला होता, आणि पुस्तकाला माळ्यावर वाळवी लागली. खेळ मी मारला, सर्जेरावासकट, हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर दत्ता कितीदा तरी भेटला. लग्नात, बारशात. माझ्या ओठांवर यायचं आणि परत जायचं. मामा गेले तेव्हा त्यांचा दहावा त्याच पाटावर झाला. कावळा लगेच शिवला. मी दत्ताशेजारी हात जोडून उभी होते, मला खूप रडू येत होतं, आणि त्या कावळ्याकडे मान वर करून बघण्याची माझी हिंमत झाली नाही.

परवा दत्ता जमिनीच्या मोजणीच्या कामाला नगरला आला होता. पेरूचं खोकं घेऊन दुपारचा आमच्याकडे जेवायला आला. हॉलमध्ये ईराने मैत्रिणींबरोबर खेळ मांडला होता, पण एक जण गावाला गेल्यामुळे त्यांना एक वीर कमी पडत होता. दत्ता हात पुसत तिथे गेला, निळा फासा उचलून त्याने उन्हाला धरला, डोळे मिटून बोटांनी चाचपला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मने, ह्यात इसाचा वळखू येत न्हाई."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातातलं ताकाचं भांडं मी खाली ठेवलं.

"तुला माहीत होतं?"

"चिंचोकं मीच निवडल्तं की. त्यो टवका मीच पाडल्ता खिळ्यानं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"पाव्हनीला खोटं पाडायचं व्हय?" दत्ता म्हणाला. "तुजं तू सांगशील म्हनून धा दिस वाट बघितली."

"मी सांगणार होते," मी म्हणाले, आणि माझा आवाज सहावीतल्या मुलीसारखा झाला. "कावळ्याला तसा शब्दही दिला होता. म्हणून तर तो शिवला."

दत्ता हसायला लागला. टोपी काढून हसला. "कावळा शब्दाला न्हाई आला, मने. तू डोळं मिटून रडत हुतीस. मला बघवंना. खिशात वली कुरडई हुती, ती हळूच पिंडावर ठिवली. कुरडईला आला त्यो."

मला हसावं की त्याला तांब्याने मारावं ते कळेना. तीस वर्षं मी खिडकीतल्या कावळ्यांना पोळ्या घातल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं ते आलंच, आणि मी हसत सुटले.

"दत्तामामा, तू खेळतोस का?" ईराने विचारलं. "नाव काय घेणार?"

"सर्जेराव."

"तो मेला ना," मी म्हणाले.

"दहावा झाला. तेरावा कुठं झाला? तू नगरला निघून गेलीस." दत्ता सतरंजीवर ऐसपैस बसला. "म्हंजे घराभवतीच हाय त्यो अजून."

ईराने मान डोलावली आणि गोष्ट सुरू केली. अंधारी गुहा, जळका वास, आणि समोर पंख पसरलेला ड्रॅगन. मैत्रिणींनी भराभर हत्यारं सांगितली. सर्जेरावाने फासा खाली ठेवला.

"राम राम," तो म्हणाला. "पाव्हणं कुठलं?"

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. ईराने पुस्तक चाळलं, मोबाईलमध्ये पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे वळली. "आई, ड्रॅगनला असं विचारता येतं? पुस्तकात नाहीये."

"विचारू दे त्याला," मी म्हणाले.